‘क्लोजर’ला मराठीत काय म्हणावं?

सेलूकर: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी बेसबॉलवर लेख लिहायलोय, एका शब्दापाशी अडलोय. पिचर म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. पहिला पिचर थकला की येतो तो रिलीफ पिचर. त्याला ‘बदली पिचर’ केलं. पण त्यांच्यातला सगळ्यात भारी, नवव्या म्हणजे शेवटच्या डावात निसटती आघाडी राखायला येणारा, तो क्लोजर. मी ‘अखेरचा पिचर’ लिहिलं आणि लेखच उलटा पडला. कारण माझं म्हणणंच हे, की त्याला अखेरपर्यंत राखू नये. सातव्या डावात तिन्ही बेसवर (धावेसाठी गाठायच्या थांब्यांवर) समोरच्या संघाचे गडी उभे असतील तर सामना तिथंच जातो, त्याला तेव्हाच आणा. पोरं विचारणार, मग तो अखेरचा कसा?

२०१६ला टोरांटोविरुद्धच्या, हरला तो स्पर्धेबाहेर अशा सामन्यात बाल्टिमोरचं हेच झालं. त्यांचा क्लोजर झॅक ब्रिटन, त्यानं त्या हंगामात ४७ पैकी ४७ वेळा आघाडी राखली होती. सामना बरोबरीत लांबला, आघाडी काही आली नाही, त्याला काही आणलं नाही. अकराव्या डावात टोरांटोच्या एन्कार्नासिओनचा होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर फटका, २-५ हार.

उदगीरकर: सर, ‘हुकमी पिचर’ लिहा. हुकूम कधी टाकायचा हे पान धरणाऱ्यानं ठरवायचं. त्यात ‘शेवट’ येतच नाही.

लातूरकर: हुकूम अरबी. ‘राखणदार’ असताना उसनं कशाला?

उदगीरकर: दादा, आमच्या वावराचा मुंतखब, म्हणजे जमिनीचा जुना सरकारी कागद, उर्दूत आहे. १९४८पर्यंत निजामाचं राज्य होतं. हुकूम, वकील, जमीन काढून टाकली तर आपण बोलायचं काय? माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण ‘हुकूम’ तिच्या तोंडचा शब्द होता.

माजलगावकर: राखणदार मला पटतो, पण धोका तोच. ‘सेव्ह’, म्हणजे पिचरनं किती वेळा आघाडी राखली, ही आकडेवारी शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांच्या डोक्यातून आली, १९६९ला अधिकृत झाली. पुढं संघ या आकड्याच्या हिशेबानंच पिचर राखायला लागले. नाव पडलं की माणूस त्या नावात अडकतो.

माझ्या मनात ‘चाड्यावरची मूठ’ आहे. आमच्या घरी तिफणीच्या चाड्यावर आई असायची. मुठीतून ज्वारी अशी सुटायची की तिन्ही नळ्यांत सारखी. पण दिवसभर तिलाच उभं करत नसत. वाफसा उडायच्या आत खोल काळ्या पट्ट्यात आई, बांधाकडची मुरमाड तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, कुणीही पेरायचं. शेवटचं तास आईसाठी राखून ठेवलंय, असं कधी झालं नाही.

सेलूकर: ताई, हे तर लेखातच घालतो. पण शब्द?

लातूरकर: ‘मूठ’ म्हटलं की वाचकाला मूठ मारणं आठवेल, करणी.

औंढेकर: चाडं म्हणजे वरची वाटी ना? आमच्याकडं मागं दोरीनं बांधून तूर पेरतात त्यालाही काही जण चाडंच म्हणतात.

माजलगावकर: ते सरतं. वेगळं.

औंढेकर: आमच्या गावात त्याला मोघण म्हणतात.

उदगीरकर: मोघणं ही क्रिया आहे, मोघ्यानं पेरणं. अवजाराचं नाव मोघा.

औंढेकर: वडिलांना आत्ताच फोन लावला. ते म्हणतात मोघणच.