लष्करी वैमानिकांना सेवेत कसे टिकवावे?

प्रश्न (नाशिकरोड): पुतण्या नाशिकमधील गांधीनगरच्या लष्करी हवाई प्रशिक्षण शाळेत हेलिकॉप्टर चालवायला शिकतो आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवल्यावर असे तरुण सैन्यात किती काळ थांबतील?

उत्तर (ओझर): काका, हेलिकॉप्टरच्या परवान्यावर प्रवासी विमान चालवता येत नाही, खरी ओढ हवाई दलातील वाहतूक विमानांच्या वैमानिकांना असते.

उत्तर (सिडको): हवाई दलातील उड्डाण शाखेचे शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक मुदतीची अधिकारीपदाची नेमणूक) १४ वर्षांचे असते, तर अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी २० वर्षे लागतात, म्हणजे अनुभव परिपक्व होतो तेव्हाच माणूस बाहेर पडतो, आणि तिथे केवळ भत्ता वाढवून भागणार नाही, मुलांच्या शाळा व वारंवारच्या बदल्या यांचाही विचार व्हावा, असे मला कळकळीने वाटते.

उत्तर (ओझर): २०२० मध्ये कंपन्यांनी वैमानिकांना बिनपगारी रजेवर पाठवले होते, हेही मुलांना सांगावे.