मदरबोर्ड बदलल्यावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर नाहीसा झाला

यंत्रनोंद (प्रश्न)

आमच्या कार्यालयातील संगणकांची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. नोंदणीचे सॉफ्टवेअर प्रत्येक यंत्राचा सिरीयल नंबर आपोआप वाचते आणि त्यावरूनच यंत्र ओळखते. नुकतेच काही लॅपटॉप मदरबोर्ड बदलून किंवा दुरुस्त होऊन परत आले. ते व्यवस्थित चालतात. परंतु एकात सिरीयल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (म्हणजे ‘निर्मात्याने भरायचे’) हे शब्द दिसतात, एक थिंकपॅड सुरू होताना दर वेळी २२०० हा त्रुटी क्रमांक दाखवतो, आणि शिवाय यादीत एक यंत्र कमीच भरते. तळाच्या स्टिकरवर मात्र सर्वांचे नंबर स्वच्छ छापलेले आहेत. विंडोज नव्याने टाकूनही फरक पडला नाही. यंत्र चालते आहे म्हणजे आपले काम संपले, असे दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे आहे. हा नंबर नेमका कुठे असतो, आणि तो पुन्हा लिहून द्या असा आग्रह धरणे रास्त आहे का?

सोल्डर

आग्रह रास्तच आहे, कारण तुमचे काम अर्धवट सोडलेले आहे. विंडोज पुन्हा टाकून उपयोग होणारच नव्हता, कारण हा नंबर डिस्कवर नसतो. मदरबोर्डवर बहुधा आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते. यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे बायॉस, तिच्यातच असतो, आणि बहुतेक यंत्रांत त्याच चिपच्या एका राखीव भागात मॉडेलचे नाव, सिरीयल नंबर आणि यूयूआयडी हा प्रत्येक यंत्राचा वेगळा असा १६ बाइटांचा ओळखक्रमांक कारखान्यातच लिहिला जातो. यंत्र सुरू होताना बायॉस ही माहिती एसएमबायॉस या ठरावीक तक्त्यात मांडतो, आणि विंडोज असो वा लिनक्स, दोन्ही ती तिथूनच उचलतात. थोडक्यात, जुना बोर्ड गेला की नंबरही त्याच्याबरोबर गेला.

सुटा भाग म्हणून येणारा बोर्ड कोणत्या यंत्रात बसणार हे आधी ठाऊक नसते, म्हणून तो सहसा कोराच येतो. नंबर भरणे ही बोर्ड बसवणाऱ्याची शेवटची पायरी असते, आणि घाईत तीच राहून जाते. थिंकपॅडवरील २२०० चा अर्थ मॉडेल आणि सिरीयल नंबर ग्राह्य नाहीत एवढाच आहे. यूयूआयडी नसेल तर २२०१ येतो. नंबर लिहिण्याचे साधन प्रत्येक कंपनीचे वेगळे असते आणि ते तिच्या अधिकृत तंत्रज्ञाकडे असते. काही यंत्रांत नंबर एकदा भरला की ती जागा बंद होते, त्यामुळे शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत झाली तर पुन्हा त्याच तंत्रज्ञाचे पाय धरावे लागतात. स्टिकर समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे.

डीएमआय

यादीत कमी भरणाऱ्या यंत्राबद्दल मला वेगळीच शंका येते. बायॉस बिघडला की काही जण प्रोग्रामर (चिप वाचण्या-लिहिण्याचे उपकरण) लावून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्राच्या चिपमधील सगळी माहिती जशीच्या तशी उतरवून घेतात. यंत्र सुरू होते, पण त्या दुसऱ्या यंत्राचा सिरीयल नंबर आणि यूयूआयडीही सोबत येतो; अनेक इंटेल बोर्डांवर तर अंगभूत लॅनचा मॅक पत्तासुद्धा (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) येतो. माझ्या मते कोऱ्या नंबरापेक्षा हे वाईट. कोरी जागा निदान डोळ्यांत भरते. उसना नंबर मात्र दोन यंत्रांना एकाच नावाखाली मुकाट्याने गाडून टाकतो. दोन्ही लॅपटॉप तारेने एकाच नेटवर्कला जोडले, तर त्यांचे कनेक्शन आळीपाळीने तुटत राहील.

विंडोजमध्ये पॉवरशेलमधून, लिनक्समध्ये रूट (प्रशासक) अधिकाराने डीएमआयडीकोड ही आज्ञा चालवून यूयूआयडी पाहा. तो सगळा एफ अक्षरांचा असेल तर एसएमबायॉसच्या प्रमाणकानुसार त्याचा अर्थ ‘अजून भरलेला नाही, पण भरता येईल’ असा होतो.

यंत्रनोंद

शंका खरी ठरली. बायॉस दुरुस्त करून आलेला लॅपटॉप आणि त्याच मॉडेलचा, या खेपेला दुरुस्तीला न गेलेला दुसरा लॅपटॉप आता शेजारी ठेवून पाहिले. पहिल्याच्या तळाशी एक नंबर आणि पडद्यावर वेगळाच, आणि यूयूआयडी दोघांचा शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा. म्हणजे चिपची नक्कल आमच्याच यंत्रावरून केलेली आहे. दोन्ही लॅपटॉप एकाच वेळी दुरुस्ती करणाऱ्यांकडे नव्हते, तेव्हा ती प्रत आधीच्या एखाद्या दुरुस्तीच्या वेळी जपून ठेवलेली असावी. हे यंत्र परत पाठवतो आहे. पाठवण्यापूर्वी आणखी काय पाहावे?

सोल्डर

जुनी चिप पुसण्यापूर्वी तिची प्रत काढली होती का, हे आधी विचारा. ती वाचण्याजोगी असेल तर तुमचा मूळ यूयूआयडी आणि मॅक पत्ता तिच्यातून परत मिळू शकतो. नसेल तर सिरीयल नंबर स्टिकरवरून भरता येईल, यूयूआयडी नवा तयार करावा लागेल. इंटरनेटवर फिरणारी नंबर लिहिण्याची अनधिकृत साधने स्वतः वापरू नका. दुसऱ्या मॉडेलचे साधन चालवले तर चालता बोर्डही बंद पडू शकतो.

कुलूपकिल्ली

डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय यंत्र देऊ नका. किल्ली जपणारा टीपीएम हा सुरक्षा घटक मदरबोर्डशी बांधलेला असतो; बोर्ड बदलला की ती की मागितली जाते, आणि बायॉसमध्ये फेरफार झाला तरी मागितली जाऊ शकते. विंडोजचा डिजिटल परवानाही हार्डवेअरशी जोडलेला असतो, म्हणून बोर्ड बदललेल्या लॅपटॉपांचे अ‍ॅक्टिव्हेशन तपासा. ते गेले असेल आणि परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असेल, तर ट्रबलशूटरमधून ‘हार्डवेअर नुकतेच बदलले’ हा पर्याय निवडून पाहता येतो.

एक सूचना नोंदणीबद्दल. मुख्य ओळख म्हणून कार्यालयाचा स्वतःचा क्रमांक स्टिकरवर चिकटवा आणि सिरीयल नंबर, यूयूआयडी व मॅक पत्ता ही त्याच्यासमोरची माहिती म्हणून ठेवा. बायॉसमध्ये ‘अ‍ॅसेट टॅग’ नावाची जागा याचसाठी असते खरी, पण ती माहितीही बोर्डवरच राहते. दुरुस्तीच्या पावतीवर ‘सिरीयल नंबर आणि यूयूआयडी लिहून देणे’ हे काम आधीच नमूद करून घ्या, आणि यंत्र ताब्यात घेताना ते तिथेच सुरू करून दोन्ही पाहा.