दहा बाय बाराच्या खोलीत आवाज कोण ठरवतं: खोली, स्पीकर की अँप?

माळवद_लातूर
स्टीरिओ घ्यायचा म्हटलं की लोक निम्मे पैसे अँपवर (अँप्लिफायरवर) घालतात, उरलेल्यात स्पीकर बसवतात आणि खोलीचा विचारच करत नाहीत. माझ्या मते आधी खोली आणि मांडणी, मग स्पीकर, मग अँप. वायर सगळ्यात शेवटी.

आपल्याकडची नेहमीची खोली घ्या. १० बाय १२, दहा फुटांवर स्लॅब, खाली शहाबादी, भिंती प्लास्टरच्या. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झला लहर अडकते, १० फुटांच्या रुंदीत ५६ ला. उंचीही दहाच फूट, म्हणजे ५६ वर दुप्पट घुमारा. बेस गिटारची ए तार नेमकी ५५ ला लागते, म्हणून तो एकच स्वर ढुम्म करून अंगावर येतो आणि शेजारचे स्वर दबतात. लाखाचा अँप आणला तरी हे तसंच राहणार. जुन्या माळवदाच्या घरात लाकडी तुळया, कोनाडे आणि मातीच्या जाड भिंती असल्याने निदान वरचे स्वर तरी विखुरतात.

जालना_सोल्डर
कागदावर बरोबर, पण मराठवाड्यात आधी व्होल्टेज बघा. खेड्याकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की २३० चं १८० वर येतं, मध्यरात्री लोड उतरला की २६०. घरोघरी जे असेंबल अँप आहेत त्यात ४४४० आयसी (आवाज वाढवणारी चिप) आणि १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो. २६० ला डीसी १८ व्होल्टच्या वर जातो आणि आयसीची मर्यादा १८ चीच. वर हीटसिंक म्हणून अॅल्युमिनियमची चिंचोळी पट्टी. मे महिन्यात तो उडणारच. आणि १८० ला? रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) नसलेल्या सप्लायत पॉवर ६१ टक्क्यांवर येते. आवाज लवकर फाटतो आणि आधी ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) जळतो. खोली सुधारून याला काय उपयोग?

माळवद_लातूर
६१ टक्के म्हणजे फक्त २ डीबी (डेसिबल) कमी. ८६ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती जोरात वाजतो, त्याचं माप) जागी ८९ चा स्पीकर घेतला तर ३ डीबी मिळतात, तेही स्टॅबिलायझर न घेता. म्हणूनच म्हणतो, पैसे स्पीकरवर घाला. उडणाऱ्या आयसीचं मात्र मान्य. तिथे स्टॅबिलायझर हवाच.

जालना_सोल्डर
२ डीबीचा हिशोब बरोबर आहे, पण माणूस व्हॉल्यूमचं बटण जिथं ठेवायचं तिथंच ठेवतो. फाटतं तिथंच. अजून एक: लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि ती घरघर स्पीकरमध्येही उतरते. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावून बघा. २-३ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, सांधे घासून घट्ट करा. तरीही जमेना तर वायरमनला बोलवा. पण स्पीकरमध्ये हम (घुंऽऽ असा आवाज) येते म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकू नका, त्याने जीव जाईल.

परभणी_तानपुरा
दोघेही उगमाकडे बघतच नाहीत. मोबाइलवरून ब्लूटूथने साधा एसबीसी (ब्लूटूथसाठी आवाज दाबायची पद्धत) जातो, तो फार तर ३२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). त्याआधी गाणं व्हॉट्सअॅपवर फिरून दोनदा दाबलेलं. तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणत्कार) तिथंच मरते. यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) लावा, सीडी किंवा फ्लॅक (काही न गमावता दाबलेली फाइल) वाजवा, मग खोलीचं बोला.

माळवद_लातूर
फाइल चांगली हवी, यात वाद नाही. पण ३२० ची एमपी३ आणि सीडी यांतला फरक न सांगता ओळखणं बहुतेकांना जमत नाही. स्पीकर एक फूट सरकवला तर घरातल्या कुणालाही कळतो.

बीड_गोधडी
भिंतीवर गोधड्या टांगल्या तर चालेल का?

माळवद_लातूर
अर्धवट चालेल. खोलीच्या मधोमध टाळी वाजवा. मागून टर्रर्र आलं तर समोरासमोरच्या उघड्या भिंती खेळताहेत, तिथे गोधडी काम करते. जागा शोधायची तर तुम्ही बसा आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात ट्विटर दिसला की तिथं टांगा. भिंतीला चिकटवून नको, चार बोटं मोकळी ठेवा. नुसत्या गोधड्या चहूकडे लावल्या तर फक्त वरचे स्वर खाल्ले जातात, खोली मंद होते आणि घुमारा जिथल्या तिथं. गादीवाल्याकडून चार इंची कापसाच्या गाद्या भरून घेऊन मागं चार इंच जागा सोडली तर साधारण ३०० हर्ट्झपर्यंत उपयोग होतो. त्याच्या खाली कापूस पुरत नाही. ४७ हर्ट्झसाठी सहा फूट जाडी लागेल.

तिथे बसण्याची जागा बदलायची. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर बेस सगळ्यात जड, बरोबर मध्यावर बसलात तर ४७ चा बेस जवळजवळ गायब. भिंतीपासून साडेचार फुटांवर खुर्ची ठेवून बघा. ट्विटर कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ३६ ते ४० इंच.

जालना_सोल्डर
आणि आधी पोलॅरिटी (प्लस-मायनसची जोडणी) तपासा. अँपची वायर सोडवून स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. दोन्ही वूफर (बेसचे मोठे स्पीकर) बाहेरच यायला हवेत. एक आत गेला की बेस निम्मा पडतो, गायकाचा आवाज मधे ठरत नाही, आणि लोक उगाच अँप बदलत बसतात. वायर पाच मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची पुरे, जाऊन-येऊन रोध ०.१२ ओहम. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायरही मिळते, टोक खरवडून बघा.

परभणी_तानपुरा
गाद्या आणि खुर्ची करून बघते. पण डॅक काढणार नाही.