रायगडाचं थ्रीडी मॉडेल: जोत्यावर वाडा चढवायचा की नाही?
(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

दुर्गवेडा
जुलै 2025 मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. अकरा आपल्याकडचे, बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून एक मागणी सारखी कानावर येते: गडांची थ्रीडी मॉडेल्स करा, पर्यटकाला मोबाइलवर जुना गड दिसू द्या. माझा पूर्ण पाठिंबा, आणि सुरुवात रायगडापासून व्हावी.

1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि गडावरचं लाकूडकाम जळून गेलं. आज राणीवशात उभं राहिलं तर दिसतात ती नुसती जोती, म्हणजे पायाचे दगडी चौथरे. रोपवेने वर आलेलं कुटुंब मेघडंबरीपाशी फोटो काढतं, इकडेतिकडे बघतं आणि ‘इथे काहीच नाहीये’ म्हणत परतीच्या रांगेला लागतं. त्यांना दोष कसला द्यायचा? जोतं वाचायला शिकवलंय कुणी?

अट एकच. शाबूत दगड एका रंगात, पुराव्यावरून उभं केलेलं दुसऱ्या रंगात आणि निव्वळ अंदाज तिसऱ्या. संगणकावर वारसा उभा करणाऱ्यांसाठी जी लंडन सनद आहे तिचाही आग्रह हाच: काय कशावरून ठरवलं ते नोंदवा. आणि पुरावा अगदीच तुटपुंजा नाही. गडावरच्या जगदीश्वराच्या देवळातल्या शिलालेखात गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी विहिरी, तळी, बागा, रस्ते, गजशाळा, राजवाडे उभारल्याचं कोरलंय. शिवराज्याभिषेकाला हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनने सिंहासनाशेजारी सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांवर काय काय होतं तेही लिहून ठेवलंय: मोठ्या दातांच्या माशांची डोकी, घोड्यांच्या शेपट्या, तराजू. नगारखाना तर समोर उभाच आहे.

बारा गावचं पाणी
तीन रंगांचं कौतुक तुम्हा-आम्हाला. पर्यटक स्क्रीनशॉट काढणार, स्टेटसला टाकणार, आणि वर्षभरात तेच चित्र शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं दिसणार. रंगसूची कुठल्या कुठे गळून गेलेली असेल.

बाजारपेठ घ्या. घोड्यावर बसल्या बसल्या खरेदी करता यावी म्हणून जोती उंच, हे गडावर चढलेला प्रत्येक जण ठोकून सांगतो. ती दुकानं होती, कोठारं होती की राहती घरं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. लेखात ‘कदाचित’ लिहून सुटता येतं. मॉडेलवाल्याला मात्र एक काहीतरी बांधावंच लागतं. छपराचा उतार किती? खांबावर नक्षी कुठली? ती सगळी उचलणार पेशवाईतल्या वाड्यांवरून, म्हणजे शंभर वर्षांनंतरचा पुणेरी वाडा शिवकाळात नेऊन ठेवायचा. मालिकांनी केलं तेवढं पुरे नाही का?

पॉइंटक्लाउड
मी पोटापाण्यासाठी हेच काम करते म्हणून मध्ये पडते. इथे नोंदणी आणि पुनर्रचना या दोन वेगळ्या कामांची खिचडी होतेय.

नोंदणी म्हणजे आज जे आहे ते जसंच्या तसं टिपणं. एकाचा निम्म्याहून जास्त भाग दुसऱ्यात येईल असे हजारो फोटो काढायचे. सॉफ्टवेअर त्यातले सामायिक बिंदू जुळवून आकार बांधतं. ऐकायला सोपं आहे, पण रायगडावर पावसाळ्यानंतर गेलात तर जोत्यांच्या कडा गवतात बुडालेल्या असतात आणि मॉडेलमध्ये जोत्याऐवजी गवताची गादी येते. कडक उन्हात फोटो काढले तर सावल्या दगडावर कायमच्या छापल्या जातात, त्यामुळे गवत वाळल्यानंतरचा एखादा ढगाळ दिवस मिळाला तर सोनं. गंगासागर तलावाचं पाणी हलतं, चकाकतं, तिथे बिंदू जुळतच नाहीत. पाण्याच्या जागी भोकं पडतात, ती हाताने बुजवावी लागतात. ड्रोनच्या परवानग्यांबद्दल बोलायला बसले तर रात्र होईल.

पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चला 2019 मध्ये आग लागली तेव्हा कलाइतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी काही वर्षं आधी केलेलं लेसर स्कॅन हाताशी होतं. ते काही पर्यटकांसाठी केलेलं नव्हतं. तेव्हा पुनर्रचनेवर खुशाल भांडा, पण तोवर नोंदणी अडवून ठेवू नका. दरडी आणि पाऊस आपला वाद मिटायची वाट बघत नाहीत.

पाचाडची वाट
वरच्यांनी सगळे मुद्दे मांडले, फक्त गडावर ज्यांची चूल अवलंबून आहे ते राहिले. मोबाइलच बोलणार असेल तर गाइड कोण करेल? आमच्याकडचे गाइड सिंहासनाच्या जागी कागद फाडतात आणि नगारखान्यात उभ्या असलेल्या माणसाला तो आवाज ऐकवतात. लहान पोरं तोंडाचा आ वासून बघतात. हे तुमच्या मॉडेलमध्ये कसं बसवणार?

माझा विरोध नाही. आमची आजी जन्मभर पायथ्याला राहिली, पण गुडघ्यांनी दगा दिल्यावर वरचं जगदीश्वराचं देऊळ तिला परत बघता आलं नाही. तिच्यासारख्यांसाठी खाली पाचाडला मोठ्या पडद्यावर दाखवा, आनंदच आहे. पण गडावर आलेल्याची मान मोबाइलमध्ये घालू नका. आणि गाइडलाच टॅब देऊन बघा की.

बारा गावचं पाणी
गाइडला टॅब ही इथली पहिली कामाची सूचना.

@पॉइंटक्लाउड, नोंदणी टिकेल हे कशावरून? अजिंठ्याचा इतिहास आठवा. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्सनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा केल्या, त्यातल्याही बऱ्याच 1885 च्या आगीत गेल्या. वर नकला करताना मूळ चित्रांना वार्निश फासलं, ते निस्तरण्यात पुढच्या पिढ्या गेल्या. नकला खाक झाल्या, मूळ चित्रं अजून भिंतीवर आहेत.

पॉइंटक्लाउड
वार्निशचा मुद्दा इथे लागू नाही, कॅमेरा दगडाला हात लावत नाही. फाइली टिकत नाहीत हे म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. काम देणाऱ्याला हवा असतो तीन मिनिटांचा चकचकीत व्हिडिओ. मूळ फोटो आणि कच्चा डेटा कुठे ठेवायचा हे कामाच्या कागदात नसतंच, तो एखाद्या हार्ड डिस्कवर पडून राहतो. करारात एक ओळ हवी: कच्चा डेटा खुल्या स्वरूपात, किमान दोन ठिकाणी, अभ्यासकांना मोफत.

दुर्गवेडा
ती ओळ माझ्या अटीत धरा.

बाजारपेठेबद्दल: एकच छप्पर दाखवायची सक्ती कुणी केलीय? बटण दाबलं की दुकानं, परत दाबलं की कोठारं, परत दाबलं की घरं, आणि प्रत्येकाखाली कोणत्या आधारावर ते दोन ओळीत. लोकांना वाद कळतात हो, क्रिकेटवर तासन् तास घालतातच की.

बारा गावचं पाणी
तीन छपरं दाखवणार असाल तर माझी निम्मी हरकत गेली. उरलेली निम्मी पैशांची. आधी टाक्यांतला गाळ आणि तटावरची झाडं काढा, मग उरलेल्या पैशात बटणं.

पाचाडची वाट
आणि स्वच्छतागृहं. तीही खरी, थ्रीडी नकोत.