कोळशाच्या वाघिणी इतक्या रंगीत कशासाठी?

रुळावरचा

गेल्या रविवारी मेव्हणा आला होता. माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट (चार मिलिमीटरला एक फूट प्रमाणाचा) त्याने पहिल्यांदाच पाहिला. १९३६ सालची ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक काल्पनिक शाखा, शेवटचं छोटं स्टेशन, मागे कोळशाचं सायडिंग. कोळशाची गाडी आत शिरली तसा म्हणाला, "ही काय पाडव्याची शोभायात्रा?" तेव्हा हसलो, पण रात्री बसून मोजल्या. १४ वाघिणी (मालगाडीचे डबे), १४ मालक, ११ रंग.

नवीन मंडळींसाठी: राष्ट्रीयीकरणापूर्वी ब्रिटनमधला बराचसा कोळसा खाजगी मालकीच्या वाघिणींतून जायचा. खाणवाले, दलाल, गॅस कंपन्या, गावातले वखारवाले, सगळ्यांच्या आपापल्या वाघिणी, आणि बाजूच्या फळ्यांवर मालकाचं नाव हे मोठ्या अक्षरांत. मॉडेलवाल्या कंपन्यांना आणखी काय हवं? साचा एक, छपाया शंभर. आणि आपण साडीच्या दुकानात शिरल्यासारखे "हाही रंग दाखवा" करत बसतो.

माझं म्हणणं असं की छोट्या शाखेवर हे दृश्य खोटं आहे. गावातल्या कोळसावाल्याच्या स्वतःच्या वाघिणी असल्याच तर एक-दोन. बाकी माल ठरलेल्या खाणींकडून किंवा दलालाकडून, म्हणजे तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा. शिवाय आपण अक्षरं उतरवतो ती ग्लॉस्टरच्या वॅगन कंपनीसारख्या कारखान्यांनी नवी कोरी वाघीण दारात उभी करून काढलेल्या फोटोंवरून. लग्नाचा अल्बम बघून "हा माणूस रोज शेरवानीतच असायचा" म्हणण्यातला प्रकार.

म्हणून ठरवलंय: चार-पाच ठेवायच्या, त्याही मळवून. नऊ पुसून पुन्हा रंगवायच्या, त्यातल्या सहा एकाच खाणीच्या, क्रमांक मात्र वेगवेगळे. (एकाच गाडीत एकाच क्रमांकाच्या दोन वाघिणी पळवणाऱ्यांनी हात वर करा. मी केलाय.)

डर्बीकर

सपशेल असहमत. तुमच्या शाखेपुरतं चालेल, पण धाग्याचं शीर्षक सगळ्यांना झोडपतंय.

मी राहतो तिथून टॉटन यार्ड, म्हणजे मालगाड्या जुळवायचं आवार, जवळ आहे. नॉटिंगहॅमशर-डर्बीशरच्या खाणींचा कोळसा तिथे गोळा व्हायचा आणि लांबच लांब गाड्या लंडनच्या ब्रेंट यार्डाकडे निघायच्या. एलएमएस या रेल्वे कंपनीने त्यासाठी बायर पीकॉक कारखान्याकडून ३३ गॅरेट (अवजड, जोडइंजिनासारखी) इंजिनं घेतली, १९२७ ते १९३० मध्ये. त्या गाड्यांत कोणाची वाघीण कोणाच्या शेजारी लागेल याचा नेम नव्हता. तिथे ११ रंग कमीच म्हणायचे.

आणि मी लेआउट प्रदर्शनांत नेतो. करड्या वाघिणींसमोर पोरं थांबत नाहीत, साहेब. लाल-पिवळी अक्षरं वाचायला थांबतात, मग विचारतात, मग आपण सांगतो. तुमचा तो "खोटा" रंगच दार उघडतो.

रुळावरचा

टॉटन-ब्रेंट मान्य. पण ती गाडी ओढायला गॅरेट लागतं आणि माझ्याकडे पॅनियर टँक, छोटंसं इंजिन, आहे.

पोरांचा मुद्दा पटला नाही. पोरं थांबावीत म्हणून इतिहास रंगवायचा तर मग कार्टूनची गाडीच चालवू ना.

अठरा_त्र्याऐंशी

दोघांचं भांडण गमतीचं वाटतं. वाघिणीवरच्या अक्षरांसाठी जीव टाकताय, आणि ती उभी कशावर आहे? १६.५ मिमीच्या रुळांवर. चार मिलिमीटरला एक फूट या हिशेबाने तो गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ४ फूट दीड इंच होतो. खरा ४ फूट साडेआठ. सात इंच गायब! ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या मॉडेलांत मावेनात, म्हणून वरचं अंग फुटाला ४ मिमी प्रमाणाचं केलं आणि खाली एचओ या फुटाला साडेतीन मिमी प्रमाणाचा रूळ तसाच ठेवला. ती तडजोड आपण आजवर पोसतोय. बरोबर आकडा १८.८३ मिमी आहे. (हो, म्हणून हे नाव.)

आधी चाकं सरळ करा, मग रंगाचं बघू.

मधुरा_के

अठरादादा, प्रत्येक धाग्यावर हेच. सात इंच समोरून पाहिल्यावर कळतात. वाघीण आपण पाहतो बाजूने आणि वरून, तेही हातभर अंतरावरून. तिथून डोळ्यात काय खुपतं? सांगाडा. रेल्वे क्लिअरिंग हाउस या रेल्वे कंपन्यांच्या सामाईक संस्थेच्या १९२३ च्या नमुन्याच्या कोळसा वाघिणीला चाकांमधलं अंतर ९ फूट, म्हणजे ३६ मिमी. जुन्या तयार मॉडेलांपैकी कित्येकांखाली १० फुटी सांगाडा सरकवलेला असतो. चार मिमीचा फरक, पण उसना पायजमा घातल्यासारखं दिसतं.

दुसरी गोष्ट आतली बाजू. बाहेर रंग, आत नुसतं लाकूड, हे खऱ्या वाघिणीचं रूप. मॉडेलमध्ये आत-बाहेर एकच लाल प्लास्टिक. कोळसा भरून झाकता येतं, पण मग रिकाम्या गाड्यांचं काय? खाजगी वाघीण मालकाकडे रिकामी परत जायलाच हवी. रेल्वे कंपन्यांच्या साध्या उघड्या वाघिणी पहिल्या महायुद्धापासून सामाईक वापरात आल्या होत्या, कुठेही भरा, कुठेही पाठवा. खाजगी वाघिणींचं तसं नव्हतं. यार्डातला निम्मा जाच त्या रिकाम्या निवडून ज्याच्या त्याला परत करण्याचा. रुळावरचा, तुमच्या स्टेशनातून रिकामी गाडी निघते का कधी?

रुळावरचा

…नाही. भरलेलीच येते आणि भरलेलीच परत जाते. कोळसा चिकटवलाय.

डर्बीकर

हा हा! आणि हे निघाले इतिहास सांगायला.

मधुरा_के

डर्बीकर, हसू नका, निम्म्यांचं तेच आहे.

रंगाबद्दल मी मात्र रुळावरचांच्या बाजूने आहे, कारण वेगळं. माझा काळ १९५० नंतरचा. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९३९ मध्ये या वाघिणी सरकारने ताब्यात घेऊन एका सामाईक साठ्यात टाकल्या. १९४८ मध्ये पाच लाखांहून जास्त वाघिणी ब्रिटिश रेल्वेच्या गळ्यात पडल्या. त्यांना कोण रंगवतो? क्रमांकाआधी "पी" अक्षर आलं, तेवढ्यापुरता काळा पट्टा मारला, झालं. बाकी जुना रंग उडालेला, मालकाचं नाव भुतासारखं अर्धवट, मध्येच नवी फळी उघडी. ते करायला लागा म्हणजे कळेल. आधी सगळीकडे उन्हापावसाने करड्या पडलेल्या लाकडाचा रंग, प्रत्येक फळी किंचित वेगळी. मग वर मूळ रंग पातळ, आणि तो वाळायच्या आत ताठ ब्रशने खरवडायचा. अक्षरं शेवटी पुसायची, फळीच्या दिशेने. माझ्या पहिल्या तीन बिघडल्या, त्या सायडिंगच्या टोकाला भंगार म्हणून उभ्या आहेत आणि सगळ्यात जास्त कौतुक त्यांचंच होतं.

एक सूचना: कोळसा वाघिणीवरची तिरकी पांढरी रेघ नक्षी नव्हे. ती ज्या टोकाकडे वर चढते त्या टोकाला उघडणारं दार असतं. रंगवताना उलटी काढू नका, मी काढली होती.

कुर्डुवाडी_जंक्शन

राहवत नाही म्हणून लिहितो. तुम्हा लोकांना निवडायला शंभर छपाया आहेत हे तुमचं दुःख. मी बार्शी लाइट रेल्वे करतोय. दुकानात एकही वाघीण नाही, सगळं पत्रा कापून.

विषयाला धरूनच आहे. बार्शी लाइटचे एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्यांनी ही अडीच फुटी लाइन १८९७ मध्ये उघडली. पुढे तेच इंग्लंडात स्टॅफर्डशरच्या लीक अँड मॅनिफोल्डचे इंजिनिअर झाले, तीही अडीच फुटी, १९०४ ते १९३४. तिथे मोठ्या गेजच्या वाघिणी जशाच्या तशा छोट्या गाड्यांवर चढवून नेत. म्हणजे रुळावरचा, तुमची एखादी लाल वाघीण दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून गेली तरी इतिहासाला धरूनच होईल.

आणि अठरादादांसाठी: अडीच फूट म्हणजे तुमच्या हिशेबाने १० मिमी. मी बाजारातला ९ मिमी रूळ वापरतो. एक मिमी खाल्लाय. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, तो या प्रमाणात २२ मिमी भरतो. तो करणारे लोक काय करत असतील, देव जाणे.

अठरा_त्र्याऐंशी

रूळ स्वतः घालतात. मी शिकवतो, या.

डर्बीकर

कुर्डुवाडीकर, फोटो टाका. पत्र्याच्या वाघिणीला रिव्हेट कसे उठवता?

कुर्डुवाडी_जंक्शन

मागून बोथट सुईने, मोजपट्टी धरून. एका बाजूला सत्तरएक. चहा थंड होतो.

रुळावरचा

ठरलं. कोळसा आजच उचकटतो, मधुराताईंचं ऐकून आत लाकूड रंगवतो. पाच ठेवतो, नऊ पुसतो.

डर्बीकर

पुसू नका हो! त्या नऊ मला पाठवा. पोस्टाचा खर्च माझा, आणि बदल्यात करड्या रंगाच्या नऊ देतो. एलएमएस आणि एलएनईआर या रेल्वे कंपन्यांच्या, तुमच्या सामाईक वापरात खपतील.

मधुरा_के

रेघ तपासून घ्या आधी.