एडिनबरातल्या पऱ्या आणि चेटकिणी: तुम्हाला काय भेटलं? (अनुभव धागा)

गेल्या रविवारी लेकीला घेऊन चेंबर्स स्ट्रीटवरच्या संग्रहालयात गेले होते. डायनोसॉर बघायचे म्हणून हट्ट करून आलेली पोर एका छोट्याशा काचेसमोर थांबली ती हलेचना. आत आठ शवपेट्या. एकेक जेमतेम साडेनऊ सेंटिमीटरची, आत कापडी कपडे घातलेली लाकडी बाहुली, डोळे टक्क उघडे. "आई, यांना पुरलं होतं?"

1836 च्या जूनअखेरीस सशांच्या मागे हिंडणाऱ्या काही पोरांना आर्थर्स सीट या शहरातल्या टेकडीच्या उतारावर एका कपारीत या सापडल्या. दगडाच्या पातळ लाद्यांआड नीट रचून ठेवलेल्या, एकूण 17. त्यांतल्या आठच आज शिल्लक आहेत. वर्तमानपत्रांनी तेव्हा लगेच चेटकिणींचं नाव घेतलं. पुढे कुणी म्हटलं, 1827-28 मध्ये बर्क आणि हेअर यांनी 16 माणसं मारून आणि एक आपोआप मेलेला म्हातारा धरून 17 प्रेतं शरीरशास्त्राच्या डॉक्टरला विकली, त्यांना कुणीतरी दिलेली ही मूठमाती असावी. पण त्या सतरांत बायका बारा, आणि बाहुल्या मात्र सगळ्या पुरुषांच्या वेशातल्या. काही बाहुल्यांना हातच नाहीत. पेटीत मावेनात म्हणून काढले असावेत. लेकीला नेमकं तेच खटकलं.

घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये. या शहरात राहिलेल्या, शिकलेल्या, चार दिवस फिरून गेलेल्या सगळ्यांनी लिहा. पऱ्या, चेटकिणी, जे भेटलं असेल ते. फक्त टूरवाल्याने सांगितलेलं नको, स्वतःच्या अंगावर आलेलं लिहा.

*

लीथहून

पुण्यात सात वर्षं पथकात ढोल वाजवला. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी 30 एप्रिलच्या रात्री कॅल्टन हिलवर बेल्टेनला गेलो. 1988 पासून हा अग्नीचा उत्सव तिथे होतो. अंगाला लाल रंग फासलेली माणसं, मशाली, आणि ढोल. गर्दीमुळे वर जाता येईना, म्हणून मागच्या उतारावर गवतात बसलो. समोरून आवाज येत होता तो ठेक्याचा, पण खाली टेकलेल्या तळव्यांना मिळत होता तो घुमारा. पथकात पहिल्या रांगेत उभं राहिल्यावर बरगड्यांत जाणवतो ना, तसा. तो डोंगरातून येत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं तर एक सहकारी गंभीरपणे म्हणाला, म्हणजे तू लीथच्या पोराला ऐकलंस. 1684 मध्ये छापलेल्या एका पुस्तकात ही हकिकत आहे: दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दर गुरुवारी रात्री या टेकडीच्या पोटात जाऊन पऱ्यांसाठी ढोल वाजवायचा. एकदा मोठ्या माणसांनी त्याला बोलण्यात गुंतवून अडवायचा प्रयत्न केला, तरी तो हातातून निसटलाच. दगड आवाज वाहून नेतो हे मला कळतं. पण त्या पोराचं मला पटतं. गुरुवार आला की हात शिवशिवत असणार त्याचे.

*

चिपळूणहून (लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने तिथे होते)

नातू झाला, सटवीची रात्र आली. पाटा-वरवंटा कुठला मिळणार? लेकीचा दगडी खलबत्ता होता तो धुऊन मांडला, हळदकुंकू वाहिलं, शेजारी कोरी वही आणि पेन ठेवलं. जावई हसतील वाटलं होतं, पण त्यांनीच पेनाचं टोपण काढून ठेवलं.

शेजारच्या आजीबाई बाळाला बघायला आल्या होत्या. वही कशाला, म्हणून विचारलं. लेकीने सांगितलं, आज रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. त्या बराच वेळ खलबत्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या दारात रोवनचं झाड आहे ना, तांबड्या फळांचं, ते माझ्या आजीने कधी तोडू दिलं नाही. चेटूक आत येऊ नये म्हणून. पूर्वी त्याच्या काडीला तांबडा दोराही बांधत. मी बाळाच्या मनगटातला काळा दोरा दाखवला.

त्यांनीच बेसी डनलॉपचं सांगितलं. साल 1576. बेसी बाळंतीण होती. एक धिप्पाड बाई घरात आली, तिच्याशेजारी बाकावर बसली आणि प्यायला मागितलं. बेसीने दिलं. मूल जगायचं नाही, नवरा बरा होईल, एवढं सांगून बाई निघून गेली. ती पऱ्यांची राणी होती हे बेसीला मागाहून कळलं. ओल्या बाळंतिणीने दारी आलेल्या बाईला पाणी दिलं. आमच्याकडेही कुणी नाही म्हणणार नाही. आणि पुढे तिला चेटकीण ठरवून जाळलं हो. त्या रात्री मी वहीपाशी दिवा विझू दिला नाही.

*

एडिनबरा, इतिहासाचा विद्यार्थी

चिपळूणच्या काकूंनी लिहिलंय त्याला जोडून. बेसीचा जबाब मी वाचला आहे. तिला औषधं सांगायचा तो टॉम रीड, 1547 च्या पिंकीच्या लढाईत मेलेला माणूस. तो तिला पहिल्यांदा भेटला तेव्हा ती गुरं हाकत चालली होती आणि रडत होती. घरी नवरा आजारी, तान्हं आजारी. कशाला रडतेस, असं त्याने विचारलं. त्या चार ओळींपाशी मी दरवेळी अडकतो. दुसरं कुणी विचारत नसेल तिला.

आणखी एक, 1662 मध्ये चेटकाच्या आरोपावरून जबाब दिलेली इसोबेल गाउडी. पऱ्यांच्या राणीकडे काय मिळालं? तर खाववणार नाही इतकं जेवण. हे ती सांगतेय कुणाला, तर पोट भरलेल्या न्यायाधीशांना आणि पाद्र्यांना. जबाबांत बायका पऱ्यांबद्दल बोलतात आणि विचारणारे त्याचा सैतान करतात. कागदावर दोघांचे शब्द एकाच शाईत आहेत, म्हणून आपल्याला वाटतं सगळं बाईच बोलली.

*

मुंबई, कालिना

एडिनबराच्या किल्ल्याच्या पटांगणाच्या तोंडाशी भिंतीत एक छोटं कारंजं आहे, चेटकिणींची विहीर म्हणतात त्याला. जाळलेल्या बायकांच्या आठवणीसाठी 1894 मध्ये ती पॅट्रिक गेडिस यांनी करवून घेतली, जॉन डंकन या चित्रकाराकडून. हेच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि 1924 मध्ये त्यांच्या जागी आपले मालवणचे घुर्ये आले. मी त्याच विभागातून एमए केलं, दोन वर्षं ते नाव रोज कानावर पडलं, पण ही विहीर कुणी सांगितली नव्हती. तिथे उभी राहिले तेव्हा अचानक घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

*

एडिनबरा, नर्स

त्याच विहिरीबद्दल. दोन चेहरे आहेत, एक दुष्ट, एक शांत. मध्ये नाग. आणि फॉक्सग्लोव्हची डहाळी, घंटेसारख्या फुलांची. पर्यटक चेहऱ्यांचे फोटो काढतात. मी डहाळी बघत बसते, कारण त्या जातीच्या झाडाचं औषध मी वॉर्डात हाताने देते. डिगॉक्सिन, हृदयासाठीचं. गोळी द्यायच्या आधी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, साठच्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. थोडं जास्त झालं की तेच विष.

1785 मध्ये विदरिंग या डॉक्टरने या झाडावर पुस्तक लिहिलं. त्यात तो स्वतः सांगतो की जलोदरावरचा हा उपाय त्याला श्रॉपशरच्या एका म्हाताऱ्या बाईच्या गुप्त नुसख्यावरून कळला. तिचं नाव पुस्तकात नाही. शंभर-दीडशे वर्षं आधी जन्मली असती तर कदाचित नाव राहिलं असतं, पण खटल्याच्या कागदात. अ‍ॅग्नेस सॅम्पसनचं राहिलंय तसं. ती सुईण होती, औषध द्यायची. राजा सहाव्या जेम्सने स्वतः तिची चौकशी केली आणि 1591 मध्ये त्या विहिरीच्या वरच्याच अंगाला तिला मारलं.

नाइट शिफ्टहून सुटले की कधीकधी तिथून जाते. सकाळी साडेसातला कुणी नसतं. आजोळी नदीकाठी साती आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड होते, आजी हिरव्या बांगड्या वाहायची. एकदा माझ्या हातातली एक बांगडी तिथे ठेवून आले.

*

नंदुरबार, सध्या एडिनबरा

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या आत्याला गावाने डाकीण ठरवलं होतं. एका घरात लागोपाठ दोन मुलं तापाने गेली, आणि आत्या त्या घरी आदल्या दिवशी मीठ मागायला गेली होती. एवढंच. मी नऊ वर्षांची होते. तिला रात्री आमच्याकडे आणलं तेव्हा तिच्या कपाळावरचं रक्त वाळून केसांना चिकटलेलं होतं आणि ती आईला म्हणत होती, मीठ परत करायचं राहिलं. नंतर ती त्या गावात राहिली नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा नव्हता. दाभोलकरांचा खून झाला, मगच तो आला.

इथल्या विद्यापीठाने एक नकाशा केला आहे. स्कॉटलंडात 1563 ते 1736 या कायद्याच्या काळात जवळजवळ चार हजार जणांवर चेटकाचा आरोप झाला, त्यांतल्या बहुतेक बायका. नाव, गाव, साल. पहिल्यांदा उघडला तेव्हा गावं बघत गेले. लहान लहान गावं, एकाला लागून एक. आमच्या पाड्यांसारखी.

8 मार्च 2022 ला स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन बाईंनी तिथल्या संसदेत या सगळ्यांची माफी मागितली. मी लॅबमध्ये ऐकत होते. हातमोजे काढून बाहेर गेले आणि आत्याला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माफी कोणी मागितली, गावाने?"

"नाही आत्या, सरकारातल्या मोठ्या बाईंनी."

"किती वर्षांनी?"

"तीनशे."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या मिठाचं काय केलं असेल गं त्यांनी?"

*

धागाकर्ती

सगळं वाचलं. नंदुरबारच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. जमलं तर आत्यांना माझा नमस्कार सांगा.

लेकीला तिच्यापुरतं सांगितलं. काल शाळेतून आल्यावर ती टेबलावर माती मळत बसली होती. हरवलेल्या नऊ बाहुल्या करायच्या आहेत तिला. पाच झाल्या, सगळ्यांना हात आहेत. काडेपेटीत ठेवून बघितल्या तर मावेनात. आज संध्याकाळी आम्ही मोठ्या पेट्या शोधायला जाणार आहोत.