प्रति: आधी फूटपाथ, मग झाडं?
'आधी फूटपाथ रुंद करा, झाडं नंतर लावता येतील' हे वरचं म्हणणं मला उलटं वाटतं. पुण्याचा जंगली महाराज रस्ता चालण्याबसण्यासारखा झाला तो जुने वड आधीपासून उभे होते म्हणून. भर दुपारी माणसं बाकांवर टेकतात ती सावलीसाठी, फरशीसाठी नव्हे.

फक्त बुंध्याभोवती माती उघडी हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आमच्या गल्लीत मात्र पेव्हर ब्लॉक थेट गुलमोहराला भिडवले. मुळांनी ते उचलले आणि म्हातारी माणसं तिथेच ठेचकाळायला लागली. शेवटी शेजारच्या काकांनी पहारीने चार ब्लॉक उपटून आळं केलं. आता पाणी मुरतं तरी. (आळ्यात दुसऱ्याच दिवशी कुणीतरी स्कूटर लावली, ते सोडा.)